गुराख्याची टाकी

सांडपाण्याच्या केंद्रात मी एकतीस वर्षं पाइप ओढले. तिथला ऑपरेटर माझा जोडीदार. त्याला आम्ही गुराखी म्हणायचो. शहराचं घाण पाणी साफ करणारे जंतू टाकीतल्या गाळात राहतात. त्यांना तो ‘माझी जनावरं’ म्हणायचा. त्यांना हवा पुरवणारा पंप पाच मिनिटं बंद पडला की यालाच धाप लागायची.

नदी नासत चालली म्हणून नवी मोठी टाकी बांधली. जुनी सोमवारी पाडायची होती. नव्या टाकीत जंतू वाढावेत म्हणून इंजिनीअर साहेबांनी विकतच्या पावडरची पोती टाकली. आठ दिवस झाले. फेस कठड्यापर्यंत आला, पाणी काही निवळेना.

गुराखी म्हणाला, “साहेब, जुन्या टाकीतला गाळ इकडे टाकू. आयती जनावरं आहेत.”

“इतका जुनाट गाळ नव्या टाकीत?”

“जुनाट म्हणू नका. या शहराचं काय काय पचवलंय त्यानं.”

साहेबांनी वर आलेल्या फेसाकडे पाहिलं. “शनिवार-रविवार घ्या. सोमवारी सगळं पाणी इकडे वळणार. निवळलं नाही तर घाण थेट नदीत, आणि जबाबदार तुम्ही.”

दोन टाक्या जोडणारा पाइप अजून नकाशातच होता. म्हणून टँकर. त्रेचाळीस खेपा. भरलेला पाइप उचलायला चार माणसं लागतात. आम्ही दोघं होतो. ड्रायव्हर खाली उतरला नाही, त्याचं काम चालवायचं.

“लवकर आवर,” गुराखी दर खेपेला म्हणायचा, “जीव गुदमरतोय त्यांचा.”

“आणि माझा?”

“तू बोलतोयस ना? मग ठीक आहेस.”

रविवारी दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. हा कठड्यावर वाकून गाळाची विचारपूस करत होता.

“भावजी,” ती मला म्हणाली, “घरच्या चौघांना या टाकीत आणून सोडते. मग तरी हे विचारतील, जेवलात का म्हणून.”

सोमवारी सकाळी साडेसातला साहेबांनी टाकीतलं पाणी काचेच्या उभ्या भांड्यात भरून ठेवलं. अर्ध्या तासात गाळ तळाला बसला पाहिजे. साहेब घड्याळ बघत होते, गुराखी भांडं बघत होता, मी बसायला जागा. दहा मिनिटं भांड्यात नुसता चहाचा रंग. विसाव्या मिनिटाला वर दोन बोटं पाणी मोकळं झालं. तिसाव्याला भांड्यातून पलीकडचं साहेबांच्या खिशातलं पेन दिसायला लागलं.

साहेब म्हणाले, “पावडर उशिरा लागू पडली म्हणायची.”

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. त्रेचाळीस खेपांची कंबर माझी होती. गुराख्यानं माझा हात दाबला.

“पडली असेल साहेब. पण त्या कोपऱ्यात हवा कमी पोहोचतेय, तेवढं आज करून घ्या.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. नदीकडचं दार उघडलं, स्वच्छ पाणी बाहेर निघालं. मी कठड्याला टेकलो.

“टेकतोस काय?” गुराखी म्हणाला. “आठ वाजले. सुट्टी संपली, पाळी सुरू झाली.”