बाटल्या काढल्या, त्या दुपारी

माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणाची हकीकत आमच्या घरात तीन प्रकारे सांगितली जाते आणि तिन्ही प्रकार चुकीचे आहेत. पुतण्या सांगतो की वडिलांना जळगावहून नाशिकला हलवण्याचा बेत त्याने स्वतः मोडून काढला. भावजय सांगते की मुक्ताईला नवस बोलला आणि धाकट्याने डोळे उघडले. व्याही मंडळींत तर असे पसरले आहे की मी हट्टाला पेटून दारात आलेली रुग्णवाहिका परत पाठवली. मी तेथे होतो. व्याही नव्हते.

धाकटा चोपड्याजवळच्या गावी केळी पिकवतो. मुतखडा त्याला जुनाच. त्या वेळी खडा लघवीच्या मार्गात अडकला, वर तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले आणि दोन दिवसांत ते रक्तात उतरले. जळगावच्या रुग्णालयात आणला तेव्हा तो मला ओळखत नव्हता. रक्तदाब इतका खाली होता की परिचारिकेने तो पुन्हा मोजून पाहिला. डॉक्टरांनी प्रतिजैविके सुरू केली, अडलेल्या मार्गात बारीक नळी घालून वाट मोकळी केली आणि सलाईनच्या बाटल्या एकामागून एक चढवल्या.

आमच्याकडे आजार बाटल्यांवर मोजतात. भेटायला आलेला माणूस प्रकृती विचारत नाही; किती बाटल्या लागल्या, ते विचारतो. बाटली लटकलेली आहे तोवर उपचार चालू आहेत, ती उतरली की डॉक्टरने हात टेकले, असा सरळ हिशेब. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अतिदक्षता विभागाच्या काचेतून पाहिले, तर स्टँडवर एकही मोठी बाटली नाही. शेजारच्या यंत्रात वीतभर पिचकारी आडवी ठेवलेली, आणि तिच्यातून निघालेली नळी मानेत गेलेली. भावजय खाली बसली.

"नाना, बठ्ठ्या बाटल्या काढी टाक्यात! आते काय ऱ्हायनं?"

पुतण्याने फोन काढला. "नाना, नाशिकला हलवू. इथे एवढीशी पिचकारी लावून बसलेत हे लोक."

पुतण्या म्हणतो की त्या वेळी मी गप्प होतो. साफ खोटे. मी म्हणालो, "बोलाव गाडी." चूक माझी होती आणि ती मी कबूल करतो, इतरांच्या हकीकतीत तीसुद्धा माझ्या नावावर नाही.

गाडीला अर्धा तास होता. मी धुळ्याला पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तीस वर्षे नोकरी केली आहे. यंत्र दिसले की ते काय करते, हे कळल्याशिवाय माझा पाय निघत नाही. परवानगी काढून आत गेलो. यंत्रावर बाराचा आकडा उजळत होता. मी मिनिटभर टक लावून पाहिले, पिचकारीचा दट्ट्या हललेला दिसला नाही.

"हे बंद आहे," मी पलंगाशी उभ्या असलेल्या डॉक्टरबाईंना म्हणालो.

"चालू आहे, काका. तासाला बारा मिली जातंय."

"मला काका कोणी म्हणत नाही. नाना म्हणतात."

"बरं, नाना." त्या हसल्या. "यात नॉरअॅड्रेनालिन आहे. जंतूंमुळे यांच्या रक्तवाहिन्या ढिल्या पडल्यात, हे औषध त्यांना आवळतं."

"पाइप ढिले पडत नसतात, बाई. दाब पडतो."

"हे पडतात. जिवंत आहेत ना."

मी विचारले, "मग बाटल्या का काढल्या? पाणी भरलं की दाब वाढतो."

"हवं तेवढं भरून झालं. आता भरलं तर वाहिन्यांमधून झिरपून फुप्फुसात साचेल, श्वास अडेल."

"म्हणजे हे औषध त्याला बरं करतं."

"नाही. बरं करायचं काम प्रतिजैविकं आणि ती मोकळी केलेली वाट करणार. तोवर मेंदूला, किडनीला रक्त पोहोचवत ठेवायचं, एवढंच याचं काम."

तेवढ्यात पिचकारी संपत आली. परिचारिकेने दुसऱ्या यंत्रात नवी भरलेली पिचकारी बसवून ती आधी सुरू केली. दोन्ही काही वेळ बरोबरीने चालली. दाबाचा आकडा स्थिर आहे असे पाहून मगच तिने पहिली थांबवली. पंपघरात आम्ही नेमके हेच करीत असू. मी तिला कारण विचारले.

"मध्ये अर्धं मिनिट खंड पडला तरी यांचं प्रेशर कोसळतं, आजोबा."

"आणि गाडीत? नाशिकपर्यंत?"

उत्तर डॉक्टरबाईंनी दिले. "नेता येतं. पण तिथेही हेच औषध देणार. वाटेतला धोका कशासाठी घ्यायचा?"

बाहेर आलो तेव्हा गाडी लागली होती आणि पुतण्या सहीचा कागद घेऊन उभा होता. मी ऐकलेले सगळे सांगितले. तो उसळला. "नाना, तुम्ही पाण्याचे पंप चालवलेत, माणसं नाही!"

"म्हणून विचारून आलो. तू कोणाला विचारलंस?"

आमचे आवाज चढले, हे खरे. परंतु निर्णय त्यातून झाला नाही. भावजय उठून आमच्यामध्ये आली आणि तिने मला एकच विचारले, "नाना, ती पिचकारी चालू शे का?"

"चालू शे. मी पाहिली."

"मंग ऱ्हाऊ द्या."

पुतण्याच्या हातातला कागद तिने घेतला आणि घडी करून पिशवीत टाकला. गाडी परत गेली ती या बाईच्या शब्दावर. माझ्याही नाही आणि पुतण्याच्याही नाही. हे ती स्वतः कोणाला सांगत नाही, सारे श्रेय मुक्ताईला देऊन मोकळी होते, आणि या एका बाबतीत मी तिच्याशी अजून भांडतो.

तिसऱ्या दिवशी यंत्रावर बाराचे आठ झाले, मग पाच. पायांची बोटे निळसर दिसली तेव्हा मी पुन्हा डॉक्टरबाईंना गाठले. औषध तेथल्या बारीक वाहिन्याही आवळते, त्या म्हणाल्या, मात्रा उतरेल तसा रंग परत येईल. नऊ बोटांचा आला. एका अंगठ्याचे टोक काळे पडून राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी परिचारिकेने यंत्र बंद केले. मी पलंगाशी उभा राहून पडद्यावरचा सरासरी रक्तदाबाचा आकडा पाहत होतो. पासष्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हे मला एव्हाना पाठ झाले होते. बहात्तरचे एकोणसत्तर झाले. सदुसष्ट. मग तो तेथेच थांबला, आणि थोड्या वेळाने अडुसष्ट झाला. धाकट्याचे रक्त त्याच्याच बळावर फिरत होते. काचेपलीकडे भावजय उभी होती. मी तिला हाताने आत बोलावले आणि तो आकडा दाखवला.