बटव्याचं वजन

त्या गल्लीत सकाळ सोनाराच्या खिडकीतून सुरू व्हायची. खिडकीची काच जुनी, जराशी वेडीवाकडी, त्यामुळे आत येणारा उजेड पाण्यासारखा हलायचा. त्या हलत्या उजेडात एकच माणूस पन्नास वर्षं एकाच टेबलापाशी बसत आला होता. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, मांडीवर कातड्याचा तुकडा. सोन्याचा कीस जमिनीवर सांडू नये म्हणून तो कातड्याचा तुकडा. कीस सांडत नसेच, पण उजेडात मात्र तो तरंगत राही, आणि संध्याकाळी सोनाराच्या भुवया त्याच्या बायकोला किंचित सोनेरी दिसत.

सोनाराला तोलायचं वेड होतं. काचेच्या पेटीतला पितळी काटा हा त्याचा देवच म्हणा. त्यावर त्याने पिसं तोलली होती, पत्रं तोलली होती, मुलीचा पडलेला पहिला दात तोलला होता. विणकामाचा गुंडा हातात घेऊन बायको म्हणायची, "लग्नाआधी मला काट्यावर बसवलं नाहीत, हेच नशीब."

"बसवायची गरज नव्हती," सोनार भिंग न काढता म्हणायचा. "नजरेनं तोललं होतं."

"मग किती भरले?"

"ते सांगायचं नसतं."

पाच महिन्यांपूर्वी त्यांची मुलगी नवरा आणि लेकीला घेऊन दूरच्या शहरात राहायला गेली. तिथल्या इमारतीत प्राणी पाळायला मनाई होती. म्हणून नऊ वर्षांची नात आपला हॅमस्टर पिंजऱ्यासकट आजोबांच्या टेबलावर ठेवून गेली. मोठ्या सुट्टीत आपण दुसऱ्या घरात जाणार आहोत, तेव्हा त्याला न्यायला येईन, असं तिने बजावून सांगितलं होतं. पिवळसर तपकिरी, मुठीत मावेल एवढा तो जीव. दाणे दिसले की दोन्ही गालांत कोंबायचा, गाल खांद्यांपर्यंत फुगायचे, आणि मग डुलत डुलत कोपऱ्यात जाऊन सगळी दौलत ओतायचा. सोनारणीने त्याचं नाव ठेवलं बटव्या. "घरात उंदीर आणला" अशी कुरकुर करणारी पहिली तीच, आणि पंधरा दिवसांत त्याच्यासाठी काकडीच्या चकत्या कापायला बसणारीही तीच.

सोनाराने आपल्या पद्धतीने जबाबदारी घेतली. रोज सकाळी तो बटव्याला भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डबीत घाली, डबी पारड्यात ठेवी, डबीचं वजन वजा करी आणि उरलेला आकडा कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिही. एकशे बत्तीस ग्रॅम. एकशे तेहतीस. पुन्हा एकशे बत्तीस. दर रविवारी नातीचा फोन आला की तो हेच आकडे वाचून दाखवी, आणि नात म्हणे, "आजोबा, तो काय करतो ते सांगा ना!"

थंडी वाढली तसा सोनाराला त्या जिवाचा कळवळा आला. त्याने खालचा खण उघडला. त्यात गुलाबी कापसाच्या लाद्या होत्या, अंगठ्यांच्या आणि कानातल्यांच्या डब्यांत घालायच्या. हिरा असो नाहीतर मोती, जपून ठेवायची वस्तू गुलाबी कापसावर ठेवायची, हे तो बापाकडून शिकला होता. त्याने चांगली जाड लादी पिंजऱ्यात अंथरली. बटव्याने ती हुंगली, दातांनी ओढली, गालात कोंबली, कोपऱ्यात नेली आणि दिवसभरात घरटं रचलं. त्या गुलाबी ढगात तो झोपलेला पाहून सोनार बराच वेळ काम सोडून बसून राहिला.

"थाट बघा," सोनारीण म्हणाली. "मला कधी असं निजवलं नाहीत."

दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी सोनारणीने सुया मांडीवर ठेवल्या. टाके न बघता विणण्याची तिला इतकी सवय होती की तिचे डोळे आणि कान नेहमी मोकळे असत.

"अहो, पहाटे बटव्याचं चाक वाजलं नाही."

"थंडी आहे. मी तरी कुठे गेलो फिरायला?"

"तुम्ही एरवी तरी कुठे जाता?"

सोनाराने बटव्याला तोललं. एकशे बत्तीस. त्याने आकडा लिहिला आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी ती पिंजऱ्यात वाकून म्हणाली, "दाणे वाटीत तसेच आहेत. आणि लेंड्या बघितल्यात? पाच-सहाच. रोज पसाभर असतात."

"आता लेंड्याही मोजायला लागलीस?"

"तुम्ही त्याचं वजन करता ते चालतं, मी मोजलं तर हसू येतं, नाही का!"

काटा पुन्हा एकशे बत्तीसवर थांबला. तिसऱ्या दिवशी ती नुसती बोलत राहिली, त्याच्याशी की स्वतःशी, कळत नव्हतं. अंगावरचे केस कसे उभे राहिलेत, झोपेतून उठून न विंचरल्यासारखे. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक दिसतोय. डावा गाल कालपासून फुगलेलाच आहे, उजवा रिकामा. काकडी दिली तर हुंगून मागे फिरला.

"गालात दाणे साठवलेत त्याने," सोनार म्हणाला. "नाव काय उगाच बटव्या ठेवलंस? हे बघ, एकशे बत्तीस. रतीभर कमी नाही. आजारी जीव आधी वजनात उतरतो. काटा खोटं बोलत नाही."

"काटा बोलतच नाही," सोनारीण म्हणाली आणि सुया उचलल्या. पण त्या दुपारी तिचे टाके दोनदा चुकले.

चौथ्या दिवशी समोरची शिंपीणबाई आली. गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्या काढून तिने रुमालातून एक जुनी बांगडी बाहेर काढली. तिच्या आत्याची. मोडून लेकीसाठी कानातलं करायचं होतं.

"बघा कशी ठसठशीत आहे! आत्या माझी भारदस्त, तशी तिची बांगडी."

सोनाराने बांगडी तोलली. मग सवयीने नखाने टिचकी मारली. आवाज घुमला नाही, दबून बसला. त्याने बांगडी कानाशी नेऊन पुन्हा टिचकी मारली.

"पोकळ आहे. आत लाख भरलीय."

"म्हणजे हो काय?"

"पत्रा पातळ असतो बाई, दाबला की चेपतो. म्हणून आत लाख भरतात. हाताला जड लागते, काट्यावर भरते. पण वितळवली की कळतं सोनं किती ते. काट्यावर दिसतं ते सगळं सोनं नसतं..."

वाक्य तिथेच थांबलं. शिंपीणबाईला वाटलं, आता तो आत्याची बाजू घेणारं काहीतरी बोलेल. पण सोनाराचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि मान हळूहळू खिडकीकडे वळली. तिथे गुलाबी ढगात बटव्या एका कुशीवर पडला होता, डावा गाल वर करून.

पन्नास वर्षं तो लाख वजा करत आला होता. खडे वजा केले होते, मेण वजा केलं होतं, दोरा वजा केला होता. रोज सकाळी डबीचं वजनसुद्धा न चुकता वजा केलं होतं. फक्त गाल वजा करायचा राहिला होता.

"अगं!" तो ओरडला. एवढा मोठा आवाज त्या खोलीने कधी ऐकला नव्हता.

त्याने बटव्याला तळहातावर घेतलं. पाठीवरून अंगठा फिरवला तसा केसांखाली कणा लागला, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखा. कुल्ले खोल गेले होते. गाल मात्र टणक आणि ओलसर होता, त्याला भिजून राहिलेल्या फडक्यासारखा वास येत होता. सोनाराचा उजवा हात आपोआप चिमट्याकडे गेला, सर्वांत बारीक टोकाच्या. या हाताने त्याने केसाएवढ्या कड्या जोडल्या होत्या. गालातून चार दाणे काढणं काय अवघड?

सोनारणीने त्याचं मनगट धरलं. "ठेवा ते खाली. हे सोनं नाही. आत फाटलं तर तुम्हाला सांधता यायचं नाही."

त्याने चिमटा टेबलावर ठेवला आणि पत्र्याची डबी उचलली.

भर सकाळी सोनाराचं दुकान बंद झालेलं गल्लीने पहिल्यांदाच पाहिलं. पत्र्याची डबी लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळून त्याने कोटाच्या आत धरली होती आणि सोनारीण त्याच्या कोपराला धरून चालत होती. धुकं अजून विरलं नव्हतं. घरांच्या कडा पुसट झाल्या होत्या, सायकली येत आणि नाहीशा होत. दोन गल्ल्यांचं अंतर, पण सोनाराला वाटलं आपण खूप वर्षं चालतोय, आणि या सगळ्या धुक्यात खरी वस्तू एकच आहे, छातीशी हलणारी, एका श्वासाएवढी.

जनावरांच्या दवाखान्यात एक भलामोठा कुत्रा बसला होता. त्याने डबीकडे नाक वळवलं आणि मुकाट्याने पंजांवर डोकं ठेवलं. डॉक्टरीण तरुण होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"काका, कधीपासून असं आहे?"

"वजन तर एकशे बत्तीस..." सोनाराने सुरुवात केली.

"काकू, तुम्ही सांगा," डॉक्टरीण म्हणाली.

सोनारणीने चार दिवस ओळीने सांगितले. चाक, दाणे, लेंड्या, केस, डोळा, गाल, काकडी. डॉक्टरीण ऐकता ऐकता बटव्याचं पोट चाचपत होती, दात बघत होती, शेपटीखाली ओलं आहे का ते बघत होती. मग तिने त्याला थोडी गुंगी दिली, गालात कोमट पाण्याचे थेंब सोडले आणि आत डोकावली.

"काका, खिशातलं ते भिंग देता?"

सोनाराने भिंग दिलं. आधी ओले, फुगलेले दाणे आले. मग एक गुलाबी धागा आला. डॉक्टरीण तो अगदी सावकाश ओढत होती, मध्येच पाणी सोडत होती, थांबत होती, आणि धागा येतच होता, पिळलेला, दाण्यांना आणि गालाच्या आतल्या कातडीला चिकटलेला.

"हा कापूस कुठला?"

"माझा," सोनार म्हणाला. मग त्याला वाटलं, एवढं पुरेसं नाही. "मोलाची वस्तू आम्ही त्यातच ठेवतो."

डॉक्टरीण रागावली नाही. "कापसाचे धागे यांच्या गालात चिकटून बसतात. पायाला गुंडाळतात. पोटात गेले तर आतडं बंद होतं. साधा कोरा कागद फाडून द्या, त्यात तो सुखानं झोपेल." तिने बाहेर काढलेला ओला गोळा वजनाच्या यंत्रावर टाकला, कारण सोनाराची नजर कधीची तिथे गेली होती. तेरा ग्रॅम.

एकशे एकोणीस. सोनाराने ते मनात लिहिलं. दहावा हिस्सा वितळून गेला, आणि आपण रोज सकाळी समाधानाने दार लावत होतो.

"हे लहान जीव दुखणं लपवतात, काका. उघड्यावर राहणारा अशक्त दिसला की कुणीतरी उचलून नेतं. म्हणून जमेल तोवर धडधाकट असल्याचं सोंग आणतात. काकूंनी बघितलं ते बरं झालं. आणि तुम्ही घरी चिमटा घातला नाहीत तेही बरं. जखम आहे, थोडा पू आहे. हे थेंब द्या, ऊब द्या, ही पेज ड्रॉपरने भरवा. दोन दिवसांत आपणहून खायला लागला तर चिंता नाही."

"आणि नाही लागला तर?"

डॉक्टरीण हात धुवायला वळली. "लागू दे," ती म्हणाली.

घरी आल्यावर सोनाराने सगळा कापूस काढून टाकला. सोन्याचा पत्रा कापायच्या कात्रीने त्याने कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, एकसारख्या, जणू कुणी मापून घेणार होतं. दर दोन तासांनी तो एकेक थेंब बटव्याच्या ओठाशी नेई. कधी थेंब आत जाई, कधी हनुवटीवरून ओघळे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. फोन आला.

"आजोबा, बटव्या काय करतोय?"

सोनाराने बायकोकडे पाहिलं. ती विणत राहिली. मग त्याने सगळं सांगितलं, कापसासकट.

"तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"नाही गं बाळा."

"मग रडताय कशाला?"

"रडत नाहीये. सर्दी झालीय."

"सर्दी नाही झालेली," सोनारीण लांबूनच म्हणाली.

त्या दुपारी मफलरमधला बटव्या छातीवर घेऊन सोनार आरामखुर्चीत पडला आणि त्याला डुलकी लागली. स्वप्नात तो एका प्रचंड पोकळ बांगडीच्या आतून चालत होता. भिंती सोन्याच्या, पाऊलवाट गोल, संपतच नव्हती. कुठेतरी पुढे कुणीतरी श्वास घेत होतं, भरभर, बारीक. त्याच्या हातात काटा नव्हता, भिंग नव्हतं. त्याला फक्त ऐकत जायचं होतं. श्वास कधी जवळ येई, कधी वळणापलीकडे जाई. तो न थांबता चालत राहिला, आणि जाग आली तेव्हा खिडकीतला उजेड तांबूस झाला होता आणि तो श्वास त्याच्या हनुवटीखाली चालू होता.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्याने नेहमीप्रमाणे पेज कालवली आणि वाटी पिंजऱ्याच्या दारातच ठेवली. काही पेज बोटाला लागली होती. ड्रॉपर भरण्याआधी त्याने बटव्याला उचलायला हात आत घातला. कागदाच्या पट्ट्या हलल्या. एक नाक बाहेर आलं, मग दोन डोळे, दोन्ही सारखेच उघडे. बटव्याने बोट हुंगलं, पेज चाटली, एकदा, दोनदा, आणि चाटण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा बोटालाच कडकडून चावला.

"आई गं!" सोनार किंचाळला. आणि लगेच, "अगं, चावला! चावला मला!"

सोनारीण सुया टाकून धावत आली. बटव्या वाटीपाशी पोचला होता आणि तिच्यात तोंड घालून पेज ओरपत होता, पाठ त्यांच्याकडे करून. सोनाराच्या बोटाच्या टोकावर रक्ताचा एक थेंब उभा राहिला होता. त्याने बोट दिव्यासमोर धरलं. थेंब लालभडक, गोल, आतून पेटल्यासारखा दिसत होता. इतकं सुंदर काही त्याच्या हातून पन्नास वर्षांत घडलं नव्हतं, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

"धुऊन घ्या आधी ते," सोनारीण म्हणाली.

"थांब गं जरा," सोनार म्हणाला. "बघू दे."