गोधडीतली थोरली

अक्षर वाईट आहे, शुद्धलेखनाच्या चुकाही असतील, सांभाळून घ्या. चौथीनंतर शाळा सुटली. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहितेय... मासिकाला पाठवीन की नाही, माहीत नाही. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही.

आम्ही माणला राहतो. भातखाचरं होती तिथं आता आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत. कोपऱ्यातल्या खोलीत परभणीची दीपाली राहते. तिच्या टेबलाखाली एक काळी पेटी — सर्व्हर. ऑफिसचं भाडं वाचावं म्हणून तिच्या कंपनीच्या मालकानं ती तिच्याच खोलीत ठेवलेली.

"मावशी, या एका पेटीत दोन वेगळ्या पद्धतीचे डेटाबेस चालतात," तिनं एकदा समजावलं. "एकात डेअरीच्या दुधाची नोंद, दुसऱ्यात दवाखान्याच्या पेशंटची. मेमरी दोघांत एकच. एकानं जास्त घेतली की दुसरा उपाशी, बंदच पडतो."

"म्हंजी जावा-जावा, अन् चूल एक," मी म्हटलं. ती इतकी हसली! तेव्हापासून दुधाची ती थोरली, दवाखान्याची धाकटी.

पण मालक हसत नव्हता. पुन्हा बंद पडलं तर काम काढून घेईन म्हणाला होता. काम गेलं की दीपाली परत परभणीला, आणि तिथं वडिलांनी स्थळ बघूनच ठेवलेलं.

त्या दुपारी ती मालकाकडे पिरंगुटला गेली होती. गच्चीवरची टाकी भरून वाहिली, पाणी भिंतीवरून तिच्या बोर्डात उतरलं. चरचर आवाज! ह्यांनी मेन बंद केलं. "बघत काय बसलीस? पेटी उचल!" मी सगळ्या वायरी काढल्या, पेटी गोधडीत गुंडाळली आणि आमच्या घरात तांदळाच्या कणगीवर नेऊन ठेवली. दीपालीला फोन लावला, तिनं उचलला नाही.

दिवेलागणीला ती धावतच आली.

"मावशी, दवाखान्याचं बंद पडल्याचा फोन आला. पण डेअरीचं कसं चालू ठेवलंत?"

"कुटं चालू हाय? ती बघ की, कणगीवर."

"अहो, आत्ता बोलले डेअरीवाल्यांशी! संध्याकाळच्या दुधाची नोंद नीट चढतेय म्हणाले."

तिनं गोधडी सोडली, पेटी आमच्या बोर्डाला लावली. धाकटी दुपारपासून बंद. थोरलीत मात्र संध्याकाळच्या दुधाची एकेक नोंद... वेळेसकट.

"आत बॅटरी आसंल," हे म्हणाले.

"नाही हो काका. असती तर दोन्ही चालले असते. आणि नेट कुठून आलं?"

दुसरीकडं साठलं असंल, असंही ह्यांनी सुचवलं. "दुसरी पेटी असती तर रोज रडले असते का मी?" दीपाली म्हणाली आणि खाली बसली.

डेअरीची तक्रार नाही, दवाखान्याचं त्याच संध्याकाळी सुरू झालं, म्हणून काम टिकलं. पुढं एका दुपारी, कुणाचं काम चालू नसताना, आम्ही दोघींनी मुद्दाम वायर काढून पाहिली. गोधडीत गुंडाळूनही पाहिलं. दोन्ही झटक्यात बंद!

मालक दुसऱ्या पेटीला पैसे देईना. मग मी शेळी विकल्याचे पैसे दीपालीला दिले आणि दोघी जावा वेगळ्या झाल्या. दर महिन्याला ती थोडे थोडे परत करत होती.

काल शेवटचे आणून दिले. मी विचारलं, "दीपाली, त्या दुपारी थोरली जेवली कुटं गं?"

"बघा ना, मावशी! तुमचीच कणगी, तुम्हीच सांगा." ती हसली आणि नोटा माझ्या हातात कोंबल्या. "धरा. आज सगळे फिटले."