तिसरा खांब

दर रविवारी मी पेणच्या जुन्या आळ्यांतून वही घेऊन फिरायचे. नोकरी रोह्याला, राहते पलीकडच्या अष्टमी गावात. रोह्यातही जुनी घरं आहेत, पण त्यांच्या बऱ्याच ओसऱ्यांना आता शटर लागलीत. वहीत घराचं चित्र काढायचं, खाली मापं, आणि शेवटी एक ओळ, स्थिती कशी आहे त्याची. हे करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. कुडाच्या घरात वाढलेल्या मुलीला तुळई, हस्त, खांबाखालचा तळखडा हे सगळं ओळखता येतं, याचा मला गर्व होता. अजूनही थोडा आहे.

त्यातलं एक घर माझं फार लाडकं. दुमजली, पुढे लांब ओसरी, ओसरीला चार सागवानी खांब आणि खांबांच्या डोक्यावर केळफुलासारखे कोरलेले हस्त. मालक बाहेरगावी, त्यामुळे ओसरीत आणि माळ्यावर भाड्यानं गणपतीचा कारखाना चालायचा. आमचा गणपती तिथलाच. पाट मात्र घरचा द्यायचा असतो, त्यावरच मूर्ती बसवून मिळते. त्या आषाढात पाट द्यायला बाबा माझ्याबरोबर आले.

बाबांचा सगळा जन्म खाडीकाठी गेला, मिठागरात आणि खारबंदिस्तीवर. बांधाला भरतीचं पाणी अडवणारी लाकडी उघाडी असते. तिची फळी राहील की बदलावी लागेल, हे ते नुसतं ठोकून सांगायचे.

तिसऱ्या खांबाला टेकून एक ताई बसायची. तिचं काम आखणीचं, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं. रस्त्याकडचा उजेड तिथेच चांगला पडायचा. तिच्या डोक्यावर माळा, आणि माळ्यावर पांढऱ्या मूर्तींच्या रांगा.

मी बाबांना वरचं कोरीवकाम दाखवत होते आणि ते खाली बघत होते. रोज फरशी धुतली की रंगामातीचं पाणी खांबाच्या बुडाशी जिरायचं. तिथे पांढरा गाळ थरावर थर साचला होता. बाबांनी पाटाच्या कडेनं बुडाशी ठोकलं. कान लावून पुन्हा ठोकलं.

"ह्यो खांब गेलेला हाय," ते म्हणाले. "गो बाय, तू ऊठ तिथून. आन् वरचं वजन उतरवा आधी."

कारखानदार हसला. "काका, ही काय तुमची उघाडी नाय. खाडी हितपर्यंत यायला अजून येळ हाय."

सगळे हसले. ताई मात्र रंगाच्या वाट्या उचलून उठली होती. आणि मला लाज वाटली. बाबांची, त्यांच्या त्या 'ह्यो'ची, चारचौघांत असं ठोकत बसण्याची.

"बाबांना यातलं काय कळतंय," मी म्हणाले. "सागवान आहे हे. इतकी वर्षं उभं आहे. मी अभ्यास केलाय या घरांचा."

"बघा," कारखानदार म्हणाला, "शिकलेली पोरगी सांगते."

ताईनं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाट्या परत खांबाशी ठेवल्या आणि बसली. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, स्थिती उत्तम.

श्रावणात एका दुपारी खांब बुडातून बसला. तुळई एका बाजूनं खाली आली आणि मागोमाग माळा, मूर्तींसकट. बाकीचे आत जेवायला बसले होते. ताई हातातली मूर्ती पुरी करून उठणार होती. जीव वाचला. उजवा हात मनगटापासून काढावा लागला.

मी गेले तेव्हा खांब रस्त्यावर आडवा टाकला होता. वरचा हस्त जसाच्या तसा, एक पाकळीही उडालेली नव्हती. बुडात बोटं घातली तर ओला भुसा निघाला. उरलेलं घर दिवाळीआधी पाडलं. आमचा पाट ढिगाऱ्यातून मिळाला. बाबांनी तो धुऊन भिंतीला टेकवून ठेवला.

ताई आता हमरापूरला भावाकडे असते. मी भेटायला गेले तेव्हा डाव्या हातानं उंदीर रंगवत होती.

"डोळे नाय जमत आता," म्हणाली. "उंदराला चालतंय कसंबी."

"ताई, माझं चुकलं."

ती ब्रश पाण्यात खळबळत राहिली. "तुझ्या बाबांचं पटलं होतं गो मला. उठले होते ना मी? पन तू येवढी शिकलेली. म्हटलं, हिला जास्त कळत आसल."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी निघताना तिनं विचारलं, "अजून फिरतेस घरं बघत?"

मी मानेनंच हो म्हटलं.

"मग बाबांना नेत जा बरोबर."

पुढच्याच रविवारी मी बाबांना म्हटलं, चला, एक घर बघायचंय, जरा ठोकून सांगा. ते पायरीवर बसले होते. उठले नाहीत.

"मला काय कळतंय त्यातलं," म्हणाले.