सेनापतींची रविवारची सभा

आमच्या शेजारचे लिआंग आजोबा रविवारी जेवणाआधी घरच्यांना रांगेत उभं करून आपापली चूक कबूल करायला लावत. कॅनडातल्या किचनर गावातलं साधं घर, टेबलावर मासा थंड होतोय, आणि माझ्याच ऑफिसात टीम लीड असलेली त्यांची पन्नाशीची मुलगी मेई बापापुढे ताठ उभी राहून म्हणतेय, "या आठवड्यात मी आळस केला." चीनमधल्या त्यांच्या फौजेतली ही रीत. शिपायापासून सेनापतीपर्यंत कुणाची सुटका नाही. आजोबा स्वतःचीही सांगत. "काल दाढी करायला उशीर झाला." बस, एवढीच.

सुरुवातीला मला त्यांचं भारी कौतुक. शेतमजुराचा मुलगा, अनवाणी क्रांतीच्या फौजेत शिरला, जपान्यांशी लढला, मग यादवीत जिंकला आणि हजारो सैनिकांचा सेनापती झाला. ड्राइव्हवेवरचा बर्फही ते असा काढत की कड पट्टीने आखल्यासारखी दिसे. माझी बायको टोमणे मारायची, "बघ, नव्वदीला टेकलेला माणूस शोव्हल करतोय, आणि तुझे विंटर टायर्स अजून बेसमेंटमध्येच!"

एका रविवारी त्यांच्याकडे जेवताना मी विचारलं, "आजोबा, सेनापती कसे झालात?" मेई दुभाषी. आजोबा खुलून सांगत होते आणि मेईचा आवाज सपाट होत चालला होता. त्यांच्या बायकोचा भाऊ शत्रूच्या गोटात पळून गेला होता. वरून हुकूम आला. आजोबांनी भरसभेत मंचावरून बायकोला देशद्रोही ठरवलं. तिची रवानगी श्रमछावणीत झाली, तिथेच ती मेली. वर्षभरात यांना बढती मिळाली. "सैनिकाला घर नसतं," असं म्हणत त्यांनी माशाचा काटा चोखला आणि वाडग्यात थुंकला. मला शिसारी आली.

भांडी विसळताना मी मेईला विचारलं, "ती..."

"माझी आई. मी नऊ वर्षांची होते. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं."

"मग या माणसाला सांभाळतेस कशाला?"

"रविवारसाठी," ती म्हणाली. "एखाद्या रविवारी ते ती चूक सांगतील."

त्यानंतर त्यांचा तो आखीव बर्फ पाहिला तरी माझं डोकं फिरायचं.

पुढच्या हिवाळ्यात ते हॉस्पिटलमध्ये होते. रविवारी मी मेईला सोडायला गेलो. ती खाटेपाशी ताठ उभी राहिली आणि तिने स्वतःची चूक सांगितली. मग वाकून काहीतरी विचारलं. म्हातारा छताकडे बघत पुटपुटला.

मेईने कोट उचलला. आम्ही पार्किंगमध्ये आलो.

"काय म्हणाले?"

"काल सूप अर्धं टाकलं, म्हणाले."

त्याच आठवड्यात ते गेले. अंत्यविधीला लोक त्यांच्या शिस्तीचे गोडवे गात होते. शेजारी म्हणून मलाही बोलायचा आग्रह झाला. मी उठलो. "बर्फ चांगला काढायचे," एवढं म्हणून खाली बसलो.