बाबांनी 'अगं' कोणाला म्हटलं?

गेल्या रविवारी बाबा मला समुद्र दाखवायला घेऊन गेले आणि दिवसभर मी समुद्र सोडून बाबांकडेच बघत बसले...

झालं असं. आमच्या कर्जतहून एक दिवसाची सहल निघते. चौल, रेवदंडा, कोर्लई... बस आणि सोबत गाइड. बाबांनी मला न विचारता दोघांचं बुकिंग करून टाकलं. हे तेच बाबा, जे आयुष्यभर म्हणत आले, "समुद्रात काय बघायचंय, पाणीच ते!"

मला तिथेच शंका यायला हवी होती.

आली ती खोपोलीच्या पुढे. आमच्या पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून डबा पुढे केला. म्हणाल्या, "सर, घ्या. तिखट नाय टाकलेलं." बाबांनी मुकाट्याने घावन उचललं. बाबांना तिखट सोसत नाही, हे या बाईंना कसं माहीत?

"ओळखीच्या आहेत?" मी हळूच विचारलं.

"कुंदाताई. सकाळी फिरायला येतात," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसते ट्रक होते.

कुंदाताई मूळच्या पोशीरच्या. नोकरीतून रिटायर होऊन आता कर्जतला मुलाकडे राहतात, एवढं त्यांनी आपणहून सांगितलं. बोलणं मोकळं, हसणं मोठं. आणि मी मात्र मनात एकेक गोष्ट टिपत होते... एकट्या म्हाताऱ्या माणसांशी गोड बोलून काय काय करतात, ते रोज वाचतो ना आपण.

चौलला रामेश्वराच्या देवळात गाइड पुष्करणीबद्दल सांगत होता. मी बघत होते, कुंदाताई बाबांची चप्पल कडेला नीट लावून ठेवत होत्या.

रेवदंड्याला सातखणी मनोऱ्याखाली उभं करून गाइड म्हणाला, "मंडळी, सात मजले होते, आता मोजायला जाऊ नका!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

कोर्लईला तर कमालच झाली. इथले काही लोक घरात पोर्तुगीज वळणाची वेगळीच बोली बोलतात, असं गाइडने सांगितलं. कुंदाताई म्हणाल्या, "बघा सर! आमच्या बोलण्याला नावं ठेवतात, हितं तर पार परदेशी हाय!"

बाबा खळखळून हसले. मी बघतच राहिले. बाबा मराठीचे शिक्षक होते. 'नाय' म्हटलं की ते भाजीवालीलासुद्धा 'नाही' म्हणायला लावतात. सकाळपासून या बाई हाय-नाय करत होत्या आणि बाबांनी एकदाही टोकलं नव्हतं...

मग आम्ही कोर्लईचा किल्ला चढायला लागलो. वर निमुळती वाट, दोन्हीकडे पाणी आणि वारा असा, की ओढणी सावरता सावरेना. बाबा पुढे होते. अचानक वळून त्यांनी हाक मारली, "अगं, भिंतीच्या बाजूने ये!"

आमच्या घरात 'अगं' हे आईचं नाव होतं. बाबांनी तिला कधी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. मला ते नावाने बोलावतात आणि शाळेतल्या छोट्या मुलींनाही 'अहो' म्हणायचे. सबंध कर्जत येता-जाता गं-गं करतं, पण बाबांचं 'गं' फक्त तिच्यासाठी.

मी मागे वळून आईला शोधलं. खरंच शोधलं... आई जाऊन काही वर्षं झालीत.

"आले, आले," कुंदाताई म्हणाल्या.

मग त्यांनी माझा चेहरा बघितला आणि त्यांचाही उतरला. बाबा तर तोंड फिरवून भराभर वर निघून गेले.

आम्ही दोघी तिथेच कट्ट्यावर बसलो. मी सरळ विचारलं, "हे काय चाललंय?"

"लग्नबिग्न काय नाय गं बाई, घाबरू नको," त्या म्हणाल्या. "नदीच्या पुलावर भेटतो, बोलतो. पण लोक बघतात. सरांना वाटतं सकाळचा चहा माझ्या घरी घ्यावा, राजरोस. माझ्या मुलाला सांगून झालंय. तो बोलला, आधी सरांच्या पोरीला विचारा."

"मग मला घरी का नाही सांगितलं? त्यासाठी एवढ्या लांब..."

"मी तेच बोलले त्यांना. तर म्हणतात कसे, घरात नको. घरात तिची आई हाय."

आईचा फोटो आमच्या बैठकीत दारासमोरच आहे...

"तू नाय बोललीस, तर मी दुसऱ्या रस्त्याने फिरायला जाईन," त्या म्हणाल्या. "रागवायची नाय. सरांना तेवढं बोलू नकोस."

वर तटापाशी बाबा एकटे उभे होते. गाइड खाडीकडे हात करून काहीतरी सांगत होता आणि बाबा ते ऐकत असल्यासारखं दाखवत होते. सकाळपासून मी कुंदाताईंवर नजर ठेवून होते. बाबा किती घाबरलेत, हे मला आत्ता दिसलं.

मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, उद्यापासून सकाळचा चहा त्यांच्याकडेच घ्या. मी घरी तुमच्यासाठी टाकणार नाही."

बाबा पाण्याकडे बघत म्हणाले, "फार गोड करते ती."

"मग सांगा की तसं."

"सांगवत नाही..."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. वाऱ्याचं निमित्त बरं होतं.

आज तीन-चार दिवस झाले, मी याचाच विचार करतेय. आई गेल्यापासून मी बाबांचं जेवण, औषधं, चष्मा, सगळं सांभाळत आले. पण इतकं डोळ्यांत तेल घालून त्यांच्याकडे बघितलं ते या एका दिवसात, तेही संशयाने... संशयाचे आभार मानायची वेळ कधी येईल, असं वाटलं नव्हतं. पण मानते.