सातपाणी आत्या

माझी आत्या कारखान्याच्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण. दर बुधवारी चिकन असायचं, आणि ते ती नळ पूर्ण सोडून सात वेळा धुवायची. कामगार तिला ‘सातपाणी’ म्हणत. तिला ती पदवी वाटायची.

बाबा तिथेच गेटवर वॉचमन. भावाचं ताट ती सगळ्यांआधी करून ठेवायची, नळाशेजारच्या ओट्यावर, काकडीबिकडी चिरून. आणि महिन्यातून एखाद्या शनिवारी बाबांचं पोट बिघडायचं. शनिवारी सुट्टी, जेवण घरचं, मग खापर आईच्याच माथ्यावर फुटायचं. “वहिनीचा हातच तसा,” असं आत्या सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरायची. बारा वर्षं. घरच्या कार्यात आईला कुणी कढईजवळ फिरकू देईना. आता आत्याच्या लेकीचं लग्न आलं होतं, तिथेही तेच होणार. मला आत्याचा असा राग यायचा, की विचारू नका.

मागच्या बुधवारी कॅन्टीन तपासायला आरोग्य खात्याच्या बाई आल्या. मीही तिथेच कामाला, काउंटरला होते. बाई म्हणाल्या, “कच्चं चिकन धुऊ नका. जंतू शिजवल्यावर मरतात, धुताना उडतात.”

“उडायला त्यांना पंख फुटलेत का?” आत्या म्हणाली.

बाईही खमक्या. त्यांनी चिकनला बिटाचा रस चोळला. “हं, धुवा आता नेहमीसारखं.”

आत्याने पदर खोचला आणि सातही पाणी दिली. मग बाई पांढरा कागद घेऊन सगळीकडे पुसत फिरल्या. ओटा गुलाबी, सुरी गुलाबी, आत्याचा चष्मासुद्धा गुलाबी. आम्ही हसून बेजार. शेवटी झाकण नसलेल्या ताटातल्या काकडीवर तीन ठिपके सापडले.

“हे कुणाचं?”

“माझ्या भावाचं.”

“खाऊ देऊ नका. दोन-तीन दिवसांनी पोट धरून बसतील.”

आत्याने बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आणि ते ताट उचलून कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं. माझंही हसू थांबलं.

संध्याकाळी ती आमच्याकडे आली. माफी हा शब्द तिच्या तोंडाला ठाऊक नाही. “वहिनी, हात माझाच होता,” एवढंच म्हणाली.

आई गॅसपाशी पाठमोरी होती. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, मी तर यादीच करून ठेवली होती. आईने आधी कढई उतरवली.

“वन्सं, तुमच्या लेकीच्या लग्नात स्वयंपाक मी करणार. तुम्ही काकडी चिरा. हात धुऊन.”